बाबांची नाईट

मंडळीच्या जुन्या वह्या एका लोखंडी ट्रंकेतून माझ्याकडे आल्या. मालकांच्या नातवाने ट्रंक पडवीत ठेवली, घाम पुसला आणि म्हणाला, "ताई, ह्यो वह्यो तूच वाच. आमका ह्यां अक्षर लागाक नाय." दशावताराची मंडळी चालवणारी ही त्यांच्या घरातली तिसरी पिढी. त्याला स्मरणिका काढायची आहे, आजवरच्या सगळ्या हंगामांची. कुठल्या जत्रा केल्या, कुठली आख्यानं लावली, कोण कोण कलाकार होऊन गेले, ते एकदा कागदावर यावं असं त्याला वाटतं. मी जन्मभर मराठी शिकवलं आणि मंडळीतल्या एका स्त्रीपार्टीची, म्हणजे बायकांच्या भूमिका करणाऱ्या नटाची, मी मुलगी. तेव्हा हे काम माझ्याकडे येणं सरळच होतं. मंडळीचं नाव मात्र इथे लिहीत नाही. स्मरणिका हाती येईपर्यंत ते कुठे छापायचं नाही, एवढी एकच अट त्याने घातली आहे.

वह्या उभ्या, लाल पुठ्ठ्याच्या. प्रत्येक रात्रीला एक पान. वर मिती आणि गाव, मग देवस्थान, मग आख्यान, मग बिदागी, आणि खाली एकेकाच्या नावापुढे त्याची नाईट. एका रात्रीच्या खेळाचे कलाकाराला जे पैसे मिळतात, त्यांना आमच्याकडे नाईट म्हणतात. वही तुळशीच्या लग्नाच्या सुमारास उघडते आणि पाऊस तोंडावर आला की मिटते. मधल्या पाचेक महिन्यांचं त्यात काहीच नसतं, कारण त्या दिवसांत राजे, ऋषी, राक्षस सगळे गुडघाभर चिखलात भात लावत असतात. माझे बाबाही लावायचे. रात्री द्रौपदी होणाऱ्या माणसाच्या हातांना घट्टे होते. रंगपटात बसल्यावर ते हातांना आधी खोबरेल चोळायचे आणि मगच बांगड्या चढवायचे.

जत्रेची रात्र ज्यांनी अनुभवली नाही, त्यांच्यासाठी थोडं सांगते. मंडळी दुपारी गावात पोचते. पूर्वी पेटारा डोक्यावरून यायचा. त्यात मंडळीचा गणपती, मुखवटे, शस्त्रं, मुकुट. रात्री राजा नि सकाळी डोक्यावर बोजा, अशी म्हणच आहे आमच्याकडे, आणि ती शब्दशः खरी होती. वेंगुर्ल्याच्या बाजूने पेडण्याला जायचं तर तेरेखोलची खाडी होडीतून ओलांडायची आणि पेटारा होडीत सगळ्यांत आधी चढायचा. देवळाजवळ एखादी पडवी नाहीतर माटव मिळायचा, तोच रंगपट. पेटाऱ्यातल्या गणपतीची पूजा झाल्याशिवाय कोणी तोंडाला रंग लावायचा नाही. रंग म्हणजे सफेदा, पिवडी, कुंकू, काजळ. मेकअपला वेगळा माणूस नाही. ज्याने त्याने हातातल्या आरशात बघून आपला चेहरा आपणच करायचा. देवीची पालखी प्रदक्षिणा घालून आत गेली, गाऱ्हाणी झाली, की मध्यरात्रीनंतर कधीतरी पखवाजावर थाप पडायची. आधी आड दशावतार: गणपती, ऋद्धिसिद्धी, सरस्वती, ब्रह्मदेव, आणि वेद चोरणारा तो काळा संकासूर. पोरंटोरं त्याला घाबरायची आणि तोच सगळ्यांत आवडायचाही. मग आख्यान लागायचं. ते पहाट होईपर्यंत. शेवटी दहीकाला.

हे सगळं कोकणात श्यामजी नाईक काळे यांनी 1728च्या सुमारास आणलं असं परंपरेने सांगतात. विष्णुदास भावे यांनी सांगलीत सीतास्वयंवर केलं ते 1843 साली. त्या प्रयोगाच्या दिवशी, 5 नोव्हेंबरला, आपण मराठी रंगभूमी दिन साजरा करतो आणि ते योग्यच आहे. मी शाळेत तो दिवस दरवर्षी साजरा केला. फक्त मुलांना इतकं आवर्जून सांगितलं, की भाव्यांच्या आधीही आपल्या देवळांपुढे मशालींच्या उजेडात रात्रभर नाटक होत होतं, आणि त्याला तिकीट नव्हतं.

बिनतिकिटाचं आणि बिनसंहितेचं. दशावताराला लिहिलेलं नाटक नसतं. संध्याकाळी सगळे रंगपटात बसले की मालक कथा सांगायचे. सांगायचे म्हणजे काय, दहा-बारा वाक्यं. "आज कीचकवध. विराटाचो दरबार आटोपतो घे. कीचक-सैरंध्री लांबव, बायलमाणसां बरीच इली हत." बस्स. पेटीमास्तरांनी विचारायचं, पदं कुठली. बाबा सूर सांगायचे. पुढचे चार तास जे बोललं जाई, ते कोणी पाठ केलेलं नसे, कोणी लिहून दिलेलं नसे. घरात मालवणीशिवाय दुसरं काही न बोलणारी ही माणसं, कोणी चौथी शिकलेलं, कोणी तेवढंही नाही, बाकावर राजा होऊन बसली की अशी मराठी बोलायची की ऐकत राहावं. 'हे प्रधानजी, प्रजेच्या अश्रूंनी भिजलेलं सिंहासन मला नको' असलं वाक्य सहज यायचं. ते तिथल्या तिथे सुचलेलं असायचं आणि व्याकरणात कुठे अडत नसे. पुराणं ऐकून, हरिविजय-पांडवप्रताप वाचून घेऊन, थोरल्यांची नाटकं रात्र रात्र जागून बघून त्यांनी ती भाषा कमावली होती. मी मराठीची शिक्षिका झाले त्याचं श्रेय लोक माझ्या शाळेला देतात. माझ्या शाळेविषयी मला आदर आहे, पण प्रमाण मराठीचं वळण माझ्या जिभेला लागलं ते रंगपटाच्या मागे गोणपाटावर पडून, अर्धवट झोपेत. ती भाषा मी फुकट घेतली आणि तिच्यावर पस्तीस-छत्तीस वर्षांची नोकरी केली.

बाबांची सैरंध्री लांब लांबच्या गावांतून लोक बघायला यायचे. त्यांच्या दमयंतीचं, तारामतीचंही कौतुक व्हायचं. हरिश्चंद्र लागला की बायका पदर डोळ्यांना लावूनच बसायच्या. पण सैरंध्री ती सैरंध्री. राणीची वेणीफणी करणारी दासी, जी खरं तर सम्राज्ञी आहे आणि ते कोणाला सांगू शकत नाही. बाबा तिला फार कमी बोलायला लावायचे. कीचक समोर फुशारक्या मारतोय, मांडीवर थाप मारतोय, आणि सैरंध्री पाठ करून उभी, हातातली फुलं एकेक करून परडीत ठेवते आहे. कीचकाचं बोलणं संपायचं. तरी ती फुलंच ठेवत राहायची. पखवाजीही गप्प. मग मान अर्धीच वळायची. एवढ्यावर समोरची बाईमाणसं पुढे सरकून बसत.

एकदा कीचक करणारा कलाकार नवा होता. पहिल्या जोरातच त्याने जवळचं सगळं बोलून टाकलं आणि मग त्याला काही सुचेना. घशाला कोरड पडलेली आम्हाला बाजूने दिसत होती. बाबांनी फुलं ठेवणं थांबवलं नाही. त्याच संथ आवाजात विचारलं, "सेनापती, मत्स्यदेशाचं रक्षण तुमच्या बाहूंवर आहे असं राणीसाहेब म्हणतात. मग एका दासीच्या रक्षणाची वेळ आली की ते बाहू कुठे जातात?" कीचकाला धागा मिळाला. बाहूंवर तो जो बोलत सुटला, तो टाळ्या घेऊनच थांबला. रंगपटात परत आल्यावर तो पाया पडायला वाकला, तर बाबा म्हणाले, "माझ्या पायाक काय पडतंस? समोरच्याचा वाक्य पुरा होवंदे. तुझा उत्तर तेच्याच तोंडात आसता."

हे वाक्य मी वर्गात रोज वापरलं. फळ्यावर लिहून नव्हे, तसं वागून. पोरगं अडखळत बोलत असेल तर त्याचं बोलणं पुरं होऊ द्यायचं, आणि पुढचा प्रश्न त्याच्याच शब्दांतून काढायचा. त्यासाठी मला पुढे शिक्षक म्हणून नावाजलं गेलं. ज्याच्यासाठी नावाजलं, ते मंडळीचं होतं.

1978च्या आषाढात, लावणीच्या दिवसांत, बाबा बांधावर बसले ते उठलेच नाहीत. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. वाचा गेली म्हणजे आवाज होता, शब्द निघायचे, पण मोडून, एकातून दुसरा ओढल्यासारखे. ज्याचं सगळं बोलण्यावर होतं त्याचं बोलणं गेलं, याचं दुःख आईने कधी मोठ्याने केलं नाही. ती लावणी पुरी करायला दुसऱ्या दिवशी शेतात गेली. मी तेव्हा दहावीत. धाकटे दोघे शाळेत. मृगापासून तुळशीच्या लग्नापर्यंत दशावतारी कलाकाराच्या घरात असाही पैसा नसतो. हंगामाच्या तोंडावर मालक उचल देतात तेव्हा पोरांना कपडे होतात, वाण्याची बाकी फिटते. त्या वर्षी उचल कशी येणार?

मालक दिवाळी आटोपल्यावर आले. पडवीत बसले, बाबांचा डावा हात हातात घेऊन बराच वेळ गप्प राहिले. मग आईला बोलावून पाकीट पुढे केलं. आई म्हणाली, "काम नाय, ता पैसो कसो घेव?" मालक म्हणाले, "अण्णाची नाईट चालूच रवतली." अण्णा म्हणजे बाबा. आईने हात मागे घेतला. तिला कोणाच्या उपकारात राहायचं नव्हतं. तेव्हा मालक जे बोलले ते मला नीट आठवतं, कारण मला ते तेव्हा कळलं नव्हतं. "मी खय देतंय? मंडळी देता."

मला वाटलं, मोठा माणूस आपलं मोठेपण लपवतो आहे. आईलाही तसंच वाटलं असणार. जन्मभर आम्ही मालकांचे उपकार मानले. ते गेले तेव्हा आम्ही तिघं भावंडं, जिथे होतो तिथून, त्यांच्या दहाव्याला आलो.

पाकीट देऊन मालक निघाले, ते जाता जाता एक मुलगा ठेवून गेले. म्हणजे तसा तो वाडीतलाच, सतरा-अठरा वर्षांचा, आवाज बरा, नाकीडोळी नीटस. "ह्येका अण्णाकडे बसय." बाबांनी शिकवायचं होतं, आणि बाबांना बोलता येत नव्हतं. मग मी मध्ये बसले. बाबा काहीतरी म्हणायचे, मी त्यातलं लावायची, त्या मुलाला सांगायची. तो करून दाखवायचा. बाबा डाव्या हाताने जमिनीवर थोपटायचे: नाही, पुन्हा. बाकावर राणी बसते ती आधी पाठ टेकत नाही. पदर सावरायचा तो भीतीने नव्हे, सवयीने. रडायचं असेल तर खांदे हलवायचे नाहीत, श्वास हलवायचा. नऊवारी कशी नेसायची ते आईने दाखवलं आणि चालायचं कसं ते बाबांनी बसल्या जागी मानेने दाखवलं. त्या हंगामात मंडळी जवळच्या गावात असली की तो मुलगा पहाटे नाटक संपवून रंग पुसायच्या आधी आमच्याकडे यायचा आणि काल काय काय केलं ते सांगायचा. बाबा ऐकायचे. वाक्य पुरं होऊ द्यायचे. मग मी दप्तर घेऊन शाळेत जायची.

माझं शिकवणं तिथे सुरू झालं. डी.एड. नंतर झालं.

आता वहीकडे येते. 1978-79ची वही मी उघडली ती साहजिकच बाबांचं नाव शोधायला. पहिल्याच जत्रेच्या पानावर होतं. नावापुढे नाईट 12. मालकांनी दिलेला शब्द वहीतही पाळला होता. एवढं बघून मी पान उलटणार होते, पण वरच्या नावांपुढे बारीक अक्षरात काहीतरी होतं, म्हणून चष्मा पुसून बघितलं. राजपार्टी, 15, वजा 1. खलपार्टी, 15, वजा 1. पेटीमास्तर, 14, वजा 1. पखवाजी, 12, वजा 1. झांजवाला, 8, वजा 1. अशी दहा माणसं. शेवटी पेटारा उचलणारा पोर, नाईट 4, वजा आठ आणे. आणि सगळ्यांत खाली मालकांच्या नावावर दीड रुपया. दहा, अर्धा आणि दीड: बारा.

पुढच्या पानावर तेच. त्याच्या पुढच्या पानावर तेच. हंगामभर. पुढच्या हंगामात पेटाऱ्याच्या पोराची नाईट 5 झालेली दिसते, वजा आठ आणे तसेच. मग 1982चा जानेवारी येतो. मुंबईत गिरण्यांचा संप सुरू झाला. आमच्या गावांच्या जत्रा चाकरमान्यांच्या पैशावर उभ्या होत्या. वर्गणी तिथून, मंडळीची बिदागीही बरीचशी तिथून. त्या वर्षाच्या पुढची पानं बघताना बिदागीचे आकडे खाली आलेले डोळ्यांना दिसतात, काही हक्काच्या जत्रांपुढे नुसतंच 'नाही' लिहिलं आहे. कलाकारांच्या नाईटी कमी झाल्या. राजपार्टी 15ची 11 झाली. आणि तरी त्या 11पुढे वजा 1. 1983च्या फाल्गुनात बाबा गेले. त्या हंगामाचं शेवटचं पान होईपर्यंत त्यांचं नाव वहीत आहे आणि पुढे नाईट लिहिली आहे.

मी त्या पैशांवर दहावी झाले, बारावी झाले, डी.एड. झाले. पेटारा उचलणाऱ्या पोराच्या आठ आण्यांचाही त्यात भाग होता. तो पोर माझ्याहून लहान होता. मला त्याचा चेहरा आठवतो. दहीकाला झाला की तो देवळाच्या पायरीवर झोपून जायचा आणि उठून पुन्हा पेटारा घ्यायचा. त्या माणसांपैकी एकाने कधी, कुठल्या लग्नात, कुठल्या जत्रेत, शब्दाने काढलं नाही. राजपार्टी करणारे काका आमच्या घरी किती वेळा जेवायला आले असतील. आईने त्यांना मालकांचे उपकार सांगितले की ते मान हलवायचे आणि सोलकढी मागायचे.

पुढच्या वह्या मी भराभर वाचल्या, कारण त्या काळातली मंडळी मला ठाऊक आहे. गॅसबत्ती गेली, वीज आली, जनरेटर आला. पेटारा टेम्पोतून जाऊ लागला. 1998 मध्ये कोकण रेल्वे सुरू झाल्यावर जत्रेला येणाऱ्या चाकरमान्यांची गर्दी वाढली तशी नाटकंही वाढली. मग ट्रिकसीन आले. आगीतून देव निघतो, हवेतून सुदर्शनचक्र येतं. मला त्याचं वावडं नाही, पोरं त्यासाठी जागी राहतात. संयुक्त दशावतार म्हणून निरनिराळ्या मंडळ्यांचे गाजलेले कलाकार एका रात्रीसाठी एकत्र आणतात. तिथे मात्र माझं मन रमत नाही. प्रत्येक जण आपलं भाषण घेऊन येतो, टाळी घेतो, आणि समोरच्याचं कानावर पडलंय का ते कळत नाही. पण त्यातून कलाकाराला बरी नाईट मिळते हेही खरं, आणि ज्याच्या घरी चूल आहे त्याला मी काय सांगणार.

काही नावं मंडळीची नसूनही या वह्यांत समासात येतात, कारण त्यांच्यामुळे आमच्या लोकांनी आपलं काम तपासून घेतलं. बाबी नालंग. नेरूरचे बाबी कलिंगण, आणि त्यांचे चिरंजीव सुधीर कलिंगण, ज्यांना लोक लोकराजा म्हणायचे. 2022 साली सुधीर गेले तेव्हा आमच्या मालकांच्या नातवाने वहीत त्या दिवशी आख्यानाच्या रकान्यात काही लिहिलेलं नाही, नुसतं त्यांचं नाव आहे. बायकांच्याही दशावतारी मंडळ्या आता उभ्या राहिल्या आहेत. एकीचं नाटक बघायला मी मुद्दाम गेले. मुली राजपार्टी करत होत्या, मिशा लावून, तलवार पेलून. मला बाबांना ते दाखवावंसं वाटलं.

2020च्या मार्चमध्ये वही अर्ध्यावर तुटते. टाळेबंदीने जत्रांचा उरलेला हंगाम बुडाला. पुढच्या वर्षी जत्रा झाल्या त्या मानकऱ्यांपुरत्या. आंगणेवाडीच्या भराडीदेवीची जत्रा, जिला लाखांनी माणूस लोटतं, तीही 2021 साली आंगणे कुटुंबीयांपुरतीच झाली. नाटकं नाहीत म्हणजे नाईट नाही. त्या कोऱ्या पानांवर नातवाने पेन्सिलने काही आकडे लिहून ठेवले आहेत. मी विचारलं तर तो सांगेना. मग म्हणाला, "ज्येंच्याकडे शेती होती, तेंनी तांदूळ दिल्यानी. ज्येंच्याकडे नव्हती, तेंका." कुठल्या वहीतून हे शिकलास, असं मी विचारलं नाही. त्याला जुनं अक्षर लागत नाही हे मला ठाऊक आहे.

त्या दहा जणांतले आता दोघं हयात आहेत. झांजवाले मुंबईला मुलाकडे असतात, त्यांना काही आठवत नाही. पखवाजी गावात आहेत. पंचाहत्तरी उलटली, दिसतं कमी, बोटं मात्र अजून मांडीवर चालू असतात. मी वही घेऊन त्यांच्याकडे गेले. आधी चहा झाला, पावसाचं झालं, पोराबाळांचं झालं. मग मी वही उघडली आणि ते पान वाचून दाखवलं. वजा 1, वजा 1, सगळं. आम्हाला हे कधी कळलंच नाही, असं मी म्हणाले. आवाज बरा राहिला नाही माझा.

त्यांनी ऐकून घेतलं. माझं पुरतं होऊ दिलं. मग विचारलं, "तारीख खयची?"

मी तारीख सांगितली. गाव सांगितला.

"आणि आख्यान काय लिवलेला आसा?"

"कीचकवध."

ते एकदम ताठ बसले. रुपयाचं काही बोललेच नाहीत. म्हणाले, "कीचकवध नव्हतो गे. वालीवध होतो. मालकांनी सांजेक कीचकवधच सांगितल्यानी, वयवर लिवल्यानी पण. पण सैरंध्री करतलो कोण? अण्णा घराक पडलेलो. त्या झिलाक तारा देवची आणि वालीवध करूचो असा आम्ही रंगपटात बसान ठरयला. मालक गप रवले. त्या अख्ख्या हंगामात आम्ही कीचकवध लावकच नाय. चुकीचा लिवलेला आसा ता. पेन आसा मा तुझ्याकडे? नीट कर आधी."

मी पेन काढलं. 'कीचकवध'वर रेघ मारली आणि बाजूला 'वालीवध' लिहिलं.

"पुढची पानां पण बघ," ते म्हणाले. "खय खय लिवल्यानी हा ता वाच माका."